डब्यातला तराजूवाला पैसा

आपल्या घरांतून जुने पैसे कुठे सापडतात हे सांगायला इतिहासतज्ज्ञ लागत नाही. दादीच्या पानदानाच्या खालच्या कप्प्यात, नानीच्या लोखंडी पेटीत, तांदळाच्या कोठीच्या तळाशी बरकत म्हणून ठेवलेल्या फडक्याच्या गाठीत, नाहीतर सुईदोऱ्याच्या डब्यात बटणांबरोबर. चांदीचा रुपया असेल तर तो केव्हाच कुठल्यातरी अडचणीत सराफाकडे गेलेला असतो. उरतो तो तांब्याचा काळपट पैसा, कारण त्याला कोणी विचारलेच नाही.

आम्ही नाशिकच्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गेली काही वर्षे एकोणिसाव्या शतकातले तांब्याचे पैसे पाहण्याचा आणि जमेल तसे जमवण्याचा नाद आम्हाला लागला आहे. हा छंद खर्चिक नाही. सोन्याची मोहोर जमवणारे वेगळे आणि आमच्यासारखे पगारावर घर चालवणारे वेगळे. पण सोन्याची मोहोर बादशहाच्या खजिन्यातून सावकाराच्या तिजोरीत गेली आणि तिथेच राहिली. तांब्याचा पैसा मात्र विणकराच्या, बागवानाच्या, पिंजाऱ्याच्या हातातून फिरला. आपल्या पणजोबांनी जे नाणे खरोखर हाताळले ते हेच.

आधी हिशेब समजून घेऊ, कारण आजच्या मुलांना तो परका झाला आहे. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. एका आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. पाव आणा म्हणजेच एक पैसा. दोन पैशांचे जाडजूड नाणे म्हणजे ढब्बू. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हे सारे शब्द म्हणींत जाऊन बसले. ‘सोळा आणे खरे’, ‘पै न पै चुकती केली’, ‘दमडीची कोंबडी, रुपयाचा मसाला’ हे आपण रोज बोलतो. दमडी मात्र कोणी पाहिलेली नसते.

आता तराजूकडे वळू. मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ पासून तांब्याची जी नाणी काढली, त्यांच्या एका बाजूला तराजू आहे आणि दोन पारड्यांच्या मध्ये अरबी लिपीत एक शब्द आहे: ‘अद्ल’. ऐन, दाल, लाम. न्याय. ही सुरुवातीची नाणी मुंबईत पाडलेली नव्हती. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टन याची सोहो टांकसाळ होती. वाफेच्या यंत्रावर तिथे पैसे पाडले जात आणि जहाजाने मुंबईला येत. १८०४ च्या नाण्यावर एका बाजूला कंपनीचे सिंहांचे चिन्ह आणि लॅटिन ब्रीद आहे. ‘इंग्लंडच्या राजाच्या व संसदेच्या आश्रयाने’ असा त्याचा अर्थ. दुसऱ्या बाजूला तोच तराजू, तेच ‘अद्ल’ आणि खाली हिजरी सन १२१९. पुढे मुंबईच्या फोर्टात कंपनीने स्वतःची वाफेवरची टांकसाळ उभारली आणि १८३० ते १८३३ या काळातला पाव आणा निघाला, त्यावरही तराजू आहे.

व्यापाऱ्यांच्या एका कंपनीने आपल्या पैशावर ‘न्याय’ लिहावे, आणि तेही आपल्या लिपीत, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. ज्यांच्याकडून ती महसूल घेणार होती त्यांना या नाण्यावर विश्वास बसावा म्हणून हा शब्द निवडला असणार, असे आमचे मत. न्याय किती झाला तो हिशेब वेगळा.

एक वर्ष आम्ही सातवीच्या मुलामुलींना सांगितले की घरात जुना पैसा असेल तर तो शाळेत आणू नका, हरवेल. त्याच्यावर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलके घासा, छाप उमटेल तेवढी आणा. आठवड्याभरात कागदांची चळत जमली. बरेच छाप व्हिक्टोरिया राणीच्या पैशांचे होते, दोनचार शिवराईचे आणि एक तराजूचा. तो आणणारी मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. उर्दूच्या तासाला तिचे वाचन अडखळत चाले, पण त्या झिजलेल्या छापावरचा शब्द तिने बोट ठेवून वाचला, ‘अद्ल’. मग म्हणाली, “सर, आमची दादी याला तराजूवाला पैसा म्हणते. अब्बाच्या गळ्यात बांधलेला होता, लहानपणी.” छापाच्या वरच्या कडेला खरोखरच एक गोल पांढरी जागा होती. दोरा ओवायचे भोक.

अशी भोके आपल्याकडच्या नाण्यांना पुष्कळ दिसतात. नाण्यांचा बाजार अशा नाण्याला खराब म्हणतो आणि किंमत निम्म्याहून खाली आणतो. बाजाराला त्याची कारणे असतील. आम्हाला मात्र भोक पाडलेला घरचा पैसा कोऱ्या करकरीत पैशापेक्षा जास्त आवडतो. कोणत्या तरी आईने आजारी बाळासाठी तो ओवला होता, हे दुसऱ्या कुठल्या कागदावर लिहिलेले नसते.

हिजरी सनावरून इसवी सन काढणे हा गणिताचा छान खेळ आहे. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणायचे आणि ६२२ मिळवायचे. १२४९ ला ०.९७ ने गुणले की साधारण १२११ येतात, त्यात ६२२ मिळवले की १८३३. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून ही तीन टक्क्यांची सूट. रमजान दर वर्षी थोडा अलीकडे का सरकतो, याचे उत्तर मुलांना इथेच मिळते. काही नाण्यांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे. संस्थानांच्या नाण्यांवर संवत असेल तर त्यातून ५७ वजा करायचे.

लिपींच्या बाबतीत बंगालचा पैसा तर आणखी मजेदार. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कंपनीने तिकडे जो तांब्याचा पैसा चालवला, त्यावर एकच मजकूर, ‘एक पाई सिक्का’, फारसी, बंगाली आणि नागरी अशा तीन लिपींत आहे. मागे बादशहा शाह आलम याचे नाव आणि त्याच्या कारकिर्दीचे ३७ वे वर्ष. शाह आलम १८०६ मध्ये वारला. पैसे त्यानंतरही त्याच्याच नावाने निघत राहिले आणि वर्ष ३७ चे पुढे सरकलेच नाही. राज्य कंपनीचे, नाव दिल्लीच्या बादशहाचे आणि तेही गोठवलेले! मद्रासच्या वीस कासच्या नाण्यावर ‘बिस्त कास चहार फुलूस अस्त’ असे फारसी वाक्य आहे. वीस कास म्हणजे चार फुलूस, इतकाच अर्थ. फुलूस हा तांब्याच्या पैशासाठीचा जुना अरबी शब्द.

मद्रासचे हे १८०८ सालचे पैसे आज बाजारात अगदी नवे वाटावेत असे मिळतात, त्यामागे एक अपघात आहे. ‘ॲडमिरल गार्डनर’ नावाचे जहाज ते घेऊन निघाले आणि जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर वादळात फुटले. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी पाणबुड्यांनी त्यातली नाणी वर काढली. जी मद्रासच्या बाजारात कधी पोचलीच नाहीत ती आता लंडनहून आपल्याकडच्या छंदिष्टांकडे येतात.

१८३५ साली कंपनीने साऱ्या मुलखासाठी एकच नाणेपद्धत केली. तिच्या तांब्याच्या पाव आण्यावर पानांच्या वेलीत इंग्रजीत ‘वन क्वार्टर ॲना’ आहे. फारसी नाही, नागरी नाही, तराजूही गेला. १८५८ सालचा पैसा कंपनीचा शेवटचा. त्याच वर्षी तिचे राज्य संपले. १८६२ पासून पैशावर व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आला आणि १८७७ पासून तिच्या नावापुढे ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ लागले. १९०६ मध्ये पैशाचे शुद्ध तांबे जाऊन कासे आले, तिथे आमचा हा संग्रह थांबतो. आपल्या लिपी मात्र लवकरच परत आल्या. १९०७ पासूनच्या कडा वळणदार असलेल्या निकेलच्या एक आण्यावर इंग्रजीबरोबर उर्दू, नागरी, बंगाली आणि तेलुगू अशा चार लिपी आहेत.

इथे फिनलंडची आठवण होते. तिथल्या तांब्याच्या नाण्यांचेही जगभर छंदिष्ट आहेत. एकोणिसाव्या शतकात फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता. तरी १८६० मध्ये त्याला मार्का हे स्वतःचे चलन मिळाले आणि १८६४ पासून हेलसिंकीच्या टांकसाळीतून तांब्याचे पेन्नी निघू लागले. शंभर पेन्नींचा एक मार्का. एका बाजूला मुकुट आणि झारच्या नावाचे अक्षर. त्यावरूनच दुसरा अलेक्झांडर, तिसरा अलेक्झांडर की दुसरा निकोलस हे ओळखायचे. दुसऱ्या बाजूला किंमत, ती मात्र फिन्निश भाषेत. परक्या बादशहाच्या राज्यात तिकडे लोकांची भाषा पैशावर आली, आणि त्याच्या तीस वर्षे आधी इकडे आपल्या पैशावरून ती गेली. एवढी गोष्ट दोन तांब्याचे तुकडे शेजारी ठेवले की कळते, पाठ्यपुस्तकाची चार पाने लागत नाहीत.

ज्या संस्थानांना स्वतःचे नाणे होते तिथे भाषा टिकली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या तांब्याच्या नाण्यांवर नागरीत राजाचे नाव, किंमत आणि संवत आहे, सोबत तलवार. इंदूरच्या होळकरांच्या पाव आण्यावर बसलेला नंदी. मराठवाड्यात निजामाचा ‘हाली सिक्का’ चाले. औरंगाबाद किंवा बीडकडे ज्यांचे आजोळ आहे त्यांच्या घरात फारसी अक्षरांचे ओबडधोबड, जाड तुकडे निघतात ते बहुधा तिकडचेच. शिवराई तर इंग्रजी अमल आल्यावरही कित्येक दशके खेड्यांतून चालत राहिली. लोकांनी सरकारी पैशापेक्षा ओळखीच्या पैशावर भरवसा ठेवला.

आपल्या नाशिकचे नाव आज नोटांशी जोडलेले आहे. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ मध्ये नोटा छापायला सुरुवात झाली आणि इथल्या कित्येक घरांची चूल प्रेसच्या नोकरीवर पेटली. पण त्याच्या शेदीडशे वर्षे आधी इथे नाणीही पडत होती. मोगलांच्या काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद. पेशवाईत मराठ्यांच्या टांकसाळीतून जे चांदीचे रुपये निघाले त्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव आणि टांकसाळीचे नाव गुलशनाबाद, दोन्ही फारसीत. चांदवडच्या रुपयांवर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे आहे. राज्य मराठ्यांचे, नाव मोगलाचे, लिपी फारसी, आणि पाडणारे कारागीर इथलेच. आज ज्यांना इतिहासाचे दोन वेगळे खण करून हवे असतात त्यांनी हा एक रुपया तळहातावर ठेवून पाहावा.

हे सारे शिकायला लांब जावे लागत नाही. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला, डोंगराच्या पायथ्याशी, नाणकशास्त्राची एक संशोधन संस्था आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज असे तिचे लांबलचक नाव. के. के. माहेश्वरी आणि डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी १९८० च्या सुमारास ती उभी केली. तिथे नाण्यांचे संग्रहालय आहे. मराठ्यांच्या टांकसाळींवरचा माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ग्रंथ याच संस्थेने १९८९ मध्ये काढला, दिल्लीच्या सुलतानांच्या नाण्यांवरचा डॉ. दानिश मोईन यांचा ग्रंथही इथलाच. सुटीत मुलांना त्र्यंबकच्या बाजूला फिरायला नेताना आधी चौकशी करून इथे तासभर घालवावा. मुंबईला गेलात तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे.

आता घरच्या पैशाचे काय करायचे? पहिली गोष्ट म्हणजे तो घासायचा नाही. हे सांगताना आमच्या घरीही वाद होतात. तांब्याचे भांडे चिंचेने किंवा लिंबू-मिठाने लख्ख करणे ही आपल्या बायकांच्या हातची सवय, आणि नाशिक तर तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. पण नाण्यावरचा तपकिरी, काळपट थर हा मळ नव्हे. तांब्याने शंभर-दीडशे वर्षांत स्वतःवर चढवलेली ती कातडी आहे. ती सोलली की खाली लालभडक तांबे निघते, बारीक अक्षरे जातात आणि जाणकार नाणे परत ठेवून देतो. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवावे, मऊ सुती कापडाने टिपावे, पूर्ण सुकू द्यावे. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग आहे, ओल आणि क्षारांमुळे होतो. असे नाणे बाकीच्यांपासून वेगळे आणि कोरडे ठेवावे. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांतही तांबे हिरवे पडते. त्यापेक्षा साधा कागदी लखोटा बरा. नाणे कडेला धरून उचलायचे, तोंडावर अंगठा ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट, ते मोडीत घालायचे नाही. घर बदलताना, वाटण्या होताना जुनी भांडी मोडीत जातात आणि त्यांच्याबरोबर पैशांचा डबाही वजनकाट्यावर चढतो. पाव आण्याचे ठरलेले वजन १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. किलोत दीडशेच्या वर पैसे मावतात. दीडशे पैसे, दीडशे घरांचे हात, आणि भाव तांब्याच्या भंगाराचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हा डबा लाखांना विकला जाणार नाही. व्हिक्टोरियाचा किंवा १८३५ चा झिजलेला पैसा दुकानात शे-दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळतो, कारण असे पैसे अफाट संख्येने पाडले गेले. विरळ सालाचे, उत्तम स्थितीतले नाणे जास्त आणते, पण ते आपल्या डब्यात असण्याचा संभव कमी. असे असताना मोबाईलवर रोज जाहिराती येतात की अमुक जुना आणा पाच लाखांना घेऊ, ७८६ आकड्याची नोट दहा लाखांना घेऊ. आमच्या ओळखीचे एक रिक्षाचालक यात सापडले. फोनवरच्या माणसाने त्यांच्या पैशाचा फोटो पाहून साडेचार लाख सांगितले. मग नोंदणी फी, मग कर, मग ‘फाईल पुढे सरकवायला’ थोडे, असे करत मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलेले साडेअठरा हजार गेले. फोन बंद झाला. ते आमच्याकडे आले तेव्हा पैसा मुठीत घट्ट धरलेला होता. व्हिक्टोरियाचा, १८८७ चा, अस्सल. त्या मुलीचा प्रवेश एका नातेवाइकाच्या उसनवारीवर झाला.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात तिचा काही संबंध नाही, ती त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा दलाली घेत नाही आणि दुसऱ्या कोणाला घ्यायला सांगितलेलेही नाही. ज्याला तुमचे नाणे हवे आहे तो तुम्हाला पैसे देईल, तुमच्याकडून मागणार नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कोणी फसलेच तर सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा नंबर लगेच, त्याच तासात लावायचा. लाजेने चार दिवस गप्प बसले की रक्कम हाताबाहेर जाते.

याच बाजारात १८१८ सालाचा ‘वन ॲना’ फिरतो, देवदेवतांची चित्रे असलेला. कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीतून असे नाणे निघालेले नाही. ते अलीकडचे बनावट तुकडे आहेत. ‘तांदूळ ओढणारा’ चमत्कारी पैसा ही तर शुद्ध लबाडी. तांब्याला चुंबक चिकटत नाही. घरचा पैसा चुंबकाला चिकटला तर तो तांब्याचा नाही, इतके साधे आहे. शंका वाटली तर सराफाच्या काट्यावर वजन करून घ्यावे. झिजेने थोडे कमी भरेल, जास्त भरत असेल तर सावध व्हावे.

कायद्याचेही दोन शब्द. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. घरात ठेवायला आडकाठी नाही, पण आखातातल्या भावाला किंवा लंडनच्या मामूला भेट म्हणून पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेले सापडले तर गोष्ट निराळी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपान राजाची १३,२५० चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. ती सगळी गुपचूप वितळवली गेली असती तर नाशिकच्या इतिहासाचे एक प्रकरण लिहिलेच गेले नसते.

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे तो एक लखोटा आणि एक पेन. दादी, नानी हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारून घ्यावे की हा पैसा कुणाचा, कुठून आला, भोक का पाडले. इंग्रजी अक्षरे नातवंडांनी वाचावीत, फारसी अक्षरे ज्याने मकतबात हिज्जे केले आहेत त्याने लावून पाहावीत. आमच्याकडच्या एका लखोट्यावर लिहिले आहे ते असे: ‘पाव आणा. इ. स. १८३३, हिजरी १२४९. मुंबई. तराजू, मध्ये अद्ल. वरच्या कडेला भोक. वजन ५.९ ग्रॅम. मोठ्या फूफूंकडून, त्यांच्या सासूंनी दिलेला. येवल्याला हातमाग होता तेव्हाचा. घासलेला नाही.’